लोपीसकाकांचा सागरी दरवाजा

आमच्या गल्लीतली सगळी कुंपणं माझी आहेत. म्हणजे मी लावलेली. सीडरचं लाकूड, फळीवर फळी, खांबाखाली हात न आखडता ओतलेलं सिमेंट. टेक्ससमधल्या प्लेनोच्या काळ्या चिकणमातीत उन्हाळ्यात भेगा पडतात, घरांचे पाये हलतात, पण माझे खांब हलत नाहीत. या गल्लीत एकाच माणसानं माझ्याकडून कुंपण घेतलं नाही आणि तो माणूस नेमका माझ्याच शेजारी राहत होता. बस्त्याव लोपीस. आम्ही सगळे त्यांना लोपीसकाका म्हणायचो. ते आता इथे राहत नाहीत. माझा राग मात्र अजून इथेच राहतो.

हा राग समजायला माझा धंदा समजला पाहिजे. मी मूळचा अकोल्याचा. कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी आलो, ग्रीन कार्ड हातात पडलं आणि थोड्याच दिवसांत नोकरी गेली. तेव्हा एका मेक्सिकन मुकादमाच्या हाताखाली खांबांचे खड्डे खणले आणि त्यातून स्वतःचा धंदा उभा केला. दुकान नाही, शोरूम नाही. गिऱ्हाईक आलं की त्याला मी घरी आणतो, मागच्या अंगणात नेतो, स्विमिंग पूलच्या कडेला उभं करतो आणि म्हणतो, "बघा." गिऱ्हाईक दोन बाजूंना बघून खूश होतं. मग तिसऱ्या बाजूला बघतं. तिथे माझ्या आणि लोपीसकाकांच्या मधलं, आधीच्या मालकाच्या काळातलं, कुजलेलं, पोट सुटल्यासारखं माझ्याकडे कललेलं कुंपण उभं असतं. आणि गिऱ्हाईक विचारतं, "हेही तुम्हीच लावलंय का?"

सामायिक कुंपणाला दोघांची संमती लागते. मी राहायला आलो त्याच आठवड्यात त्यांच्याकडे गेलो.

"काका, हे काढून नवीन लावू. तुमच्यासाठी खास भाव."

"लावा की," ते म्हणाले. "दरवाजा कुठे येणार?"

"कसला दरवाजा?"

"तटाला दरवाजा लागतो वानखडे. नाहीतर तो तट नाही, पेटी आहे."

मला वाटलं, म्हातारा भाव पाडायला बघतोय. मी भाव उतरवला. ते शांतपणे म्हणाले, "भावाचं राहू द्या. दरवाजा?" मी आणखी उतरलो. भाव करण्यात मला इर्व्हिंगपासून प्लेनोपर्यंत कोणी हरवलेलं नाही, कारण समोरच्याला काय हवंय ते मला त्याच्या तोंडाकडे बघून कळतं. या माणसाला पैशातलं काहीच नको होतं. त्याच्याशी भाव करायचा म्हणजे भिंतीशी कॅरम खेळण्यासारखं. त्याला फक्त दोन घरांच्या मधे, अमेरिकेत, एक दरवाजा हवा होता. शेजाऱ्याच्या कुंपणात दरवाजा! उद्या कोणी पूलमध्ये पडलं तर खटला माझ्यावर. मी तसं सांगितलं, जरा आवाज चढवूनच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला एक सुकेळी दिली.

काका वसईचे. तिथल्या मराठी ख्रिस्ती वाडीवाल्यांच्या घरातले. उंच, सडपातळ, बारा महिने अर्धी चड्डी आणि डोक्यावर कापडी टोपी. एका टेलिफोन कंपनीत आराखडे काढून निवृत्त झाले होते. बायको, मार्थाकाकू, मी येण्यापूर्वीच गेल्या होत्या. मुलगी मिशिगनमध्ये, ट्रॉयला. बहिणीशी फोनवर ते त्यांच्या बोलीत बोलायचे, तेव्हा आम्हाला एक शब्द कळायचा नाही. आमच्याशी मात्र शाळेतल्या मास्तरांसारखं स्वच्छ मराठी.

लहानपणी ते वसईच्या तटबंदीत हिंडलेले. त्याला किल्ला म्हटलेलं त्यांना खपत नसे. "किल्ला राजाचा असतो," ते म्हणायचे. "आमचं ते शहर होतं. वसई तेव्हा बेट होती. समुद्राच्या कडेला तट, आणि तटाच्या आत सगळं. घरं, विहिरी, बाजार, देवळं, रुसवेफुगवे. दोन दरवाजे मोठे. एक जमिनीकडचा, भुई दरवाजा. एक समुद्राकडचा, सागरी दरवाजा." त्यांच्या लहानपणी तिथे शहर उरलं नव्हतंच. छप्पर उडालेल्या चर्चमध्ये ही पोरं क्रिकेट खेळायची. "छप्पर नसल्यामुळे सिक्सर अडत नसे," हे त्या शहराचं त्यांनी सांगितलेलं मुख्य वैशिष्ट्य.

हे सगळं ते सोबत घेऊन आले होते आणि टेक्ससमधल्या तीन बेडरूमच्या घरावर त्यांनी ते चढवलं होतं. पुढचं दार म्हणजे भुई दरवाजा. माझी बाजू म्हणजे समुद्र, कारण माझ्याकडे पूल होता. उन्हाळ्यात पायाच्या मातीला भेगा पडू नयेत म्हणून इथे सगळेच घराभोवती पाण्याचा पाइप सोडतात. आम्ही म्हणायचो, पाइप सुरू केला. काका म्हणायचे, खंदक भरला. रोज संध्याकाळी ते घराला एक फेरी घालायचे, भिंतीवरून आणि कुंपणांवरून हात फिरवत. फेरी पुरी झाली की स्वतःशीच मान हलवायचे, म्हणजे शहर आज शाबूत आहे. गारांचा पाऊस होऊन गेला की छपरं दुरुस्त करणाऱ्यांची पोरं दारोदार फिरतात. त्यांनी बेल वाजवली की काका आतून विचारायचे, "कुठल्या बाजूने आलात?" ती बिचारी म्हणायची, "फ्रॉम डॅलस, सर."

त्या पोरांपायी त्यांनी घराच्या कडेचं छोटं फाटकही खिळे मारून बंद करून टाकलं होतं. "शहरं तोफांनी कमी पडतात वानखडे, छोट्या फाटकांनी जास्त."

"आणि मला मोठं फाटक लावायला सांगताय!"

"फाटक नव्हे, दरवाजा. फाटकातून कोणीही येतं. दरवाजातून ओळखीचा येतो."

आता सुकेळीचं सांगतो. सुकेळी म्हणजे वसईची उन्हात वाळवलेली केळी. तिथे त्यासाठी राजेळी केळी वापरतात. काका इर्व्हिंगच्या भारतीय दुकानातून मिळतील ती मोठी केळी आणायचे आणि पिकवून, सोलून, अंगणात चौरंगावर वाळत घालायचे. टेक्ससच्या उन्हाबद्दल चांगलं बोलणारा मी पाहिलेला हा एकमेव माणूस. "देवानं ही जागा केळी वाळवायलाच केली, पण लोकांनी इथे ऑफिसं बांधली." केळ्यांवर खारी यायच्या, खारींवर ओरडायला काका यायचे, आणि एचओएकडे, म्हणजे आपल्या सोसायटीच्या कमिटीसारखं जे असतं तिथे, तक्रार जायची. कमिटीची बाई तपासायला आली. काकांनी तिला खुर्ची दिली, सुकेळी दिली, वसईचा वेढा सांगितला. ती जाताना पिशवी भरून सुकेळी घेऊन गेली. मी त्याच बाईकडे माझ्या कंपनीची पाटी गल्लीच्या तोंडाशी लावायची परवानगी मागत होतो. तिनं मला पाणीसुद्धा मागू दिलं नव्हतं.

दिवाळीत आमच्या मराठी मंडळाची किल्ल्यांची स्पर्धा असते. परीक्षक गाडीतून घरोघरी फिरतात. सगळे रायगड नाहीतर प्रतापगड करतात. थर्माकोलचे डोंगर, वर महाराज, खाली मावळे, आणि कोणाच्या तरी आजीनं भारतातून आणलेला मातीचा वाघ. एका वर्षी मी किल्ल्याला चारही बाजूंनी खऱ्या सीडरचं छोटं कुंपण केलं होतं. मुख्य परीक्षक देशपांडेकाकू म्हणाल्या, "छान आहे. पण किल्ला दिसत नाहीये." मग सगळे शेजारच्या काकांकडे गेले. मीही गेलो.

काकांनी आमच्या इथल्या काळ्या मातीचं शहर केलं होतं. चहूबाजूंनी तट. आत बाजार, विहिरी, छप्पर नसलेलं चर्च, चर्चमध्ये क्रिकेट खेळणारी पोरं, तटाबाहेर ताटात निळं पाणी आणि पाण्यात होडी.

"अहो काका, महाराज कुठे बसवायचे?" देशपांडेकाकूंनी विचारलं.

"त्यांना कशाला त्रास? हे शहर आहे बाई. इथे लोक राहतात."

"पण पहिला नंबर महाराजांशिवाय कसा द्यायचा?"

"देऊ नका. मासे विकायला बसलेल्या त्या बाईला विचारा, तिला नंबर हवाय का."

माझी मुलगी रिया तेव्हा लहान होती. ती वाकून तटाकडे बघत होती. "काका, इज धिस अ जेल?"

मी ओशाळलो. काका मात्र तिच्याशेजारी उकिडवे बसले. गुडघ्याचा कट्ट आवाज झाला. "चांगलं विचारलंस. दरवाजाकडे बघ. कडी कुठल्या बाजूला आहे?"

"इनसाइड."

"कडी आत असली तर गाव. बाहेर असली तर जेल. बाकी भिंती सगळ्या सारख्याच."

बॅटरीचे दिवे लावलेल्या कोणत्या तरी सिंहगडाला नंबर गेला. मला उत्तेजनार्थही नाही. काकांनी नंबर कोणाला गेला तेसुद्धा विचारलं नाही, याचा मला जास्त राग आला.

मग काही वर्षांनी एका वसंतात जोराचं वादळ झालं आणि ते कुजकं कुंपण एकदाचं माझ्या पूलमध्ये पडलं. मी फळ्या बाहेर काढत होतो आणि मनातून नाचत होतो. काका पलीकडे येऊन उभे राहिले.

"पडलं?"

"पडलं! आता तरी लावू ना?"

"लावा. दरवाजा..."

"दरवाजा नाही!" मी ओरडलो. "मी माझ्या हद्दीत, माझ्या पैशानं, हवं तसं लावीन. तुमची संमती नको, काही नको."

"मग विचारताय कशाला?" ते म्हणाले. हे बोलणं मला इतकं लागलं की नवीन कुंपणाच्या फळ्या मी स्वतः निवडल्या.

ते लागेपर्यंत काही दिवस मधे मोकळंच होतं. माझी बायको मंजिरी वाटी घेऊन तिकडे, काका ताट घेऊन इकडे. तिला पूर्वी गाडी काढायचा कंटाळा यायचा, आता ती कोथिंबिरीच्या चार काड्यांसाठी समुद्र ओलांडून जाऊ लागली. "अहो, लावून टाका ना एक दरवाजा," ती म्हणाली. "ते एकटे असतात."

"एकट्यानं राहायचं नसेल तर त्यांनी मुलीकडे जावं."

"ट्रॉयला? तिकडच्या बर्फात? सुकेळी कुठे वाळवणार ते?"

मी ऐकलं नाही. कुंपण उभं राहिलं. आयुष्यातलं माझं सर्वोत्तम काम. आठ फुटी, सरळ, एका फळीत आणि दुसरीत केसाएवढा फरक नाही. कुंपणाला एक खडबडीत बाजू असते, जिकडे आडव्या पट्ट्या येतात, आणि एक गुळगुळीत. रीत अशी की चांगली बाजू शेजाऱ्याला द्यायची. मी दिली. रागात असलो तरी रीत सोडत नाही. काकांच्या उरलेल्या दोन्ही बाजूंनाही त्या त्या शेजाऱ्यांनी माझंच कुंपण घेतलेलं होतं. म्हणजे आता त्यांच्या तिन्ही बाजूंना माझं काम होतं आणि त्यांनी माझ्याकडून काही म्हणजे काही घेतलेलं नव्हतं. हा माणूस माझ्या मालाच्या मधोमध फुकट राहत होता.

आणि मग ती जुलैमधली दुपार. मी जेवायला घरी आलो होतो. मंजिरी ऑफिसात. कुंपणापलीकडून हाक आली.

"वानखडे! अहो कुंपणवाले!"

"काय?"

"घाई नाही. जेवण झालं असेल तर बघा. मी आत अडकलोय."

"आत म्हणजे घरात?"

"घराच्या बाहेर. पण तुमच्या आत."

झालं असं की सुकेळी उलटायला काका अंगणात आले आणि मागचं काचेचं सरकतं दार त्यांनी ओढून घेतलं. चोर येऊ नये म्हणून या दाराच्या खालच्या खाचेत एक काठी आडवी घालायची सोय असते, म्हणजे दार बाहेरून सरकत नाही. ती आत भिंतीला टेकवून ठेवलेली होती. ती म्हणे आपोआप घसरली आणि बरोब्बर खाचेत पडली. आपोआप. फोन घरात. डोक्यावर जुलैचं ऊन.

आता मी काय केलं ते सांगतो, हसायचं असेल तर हसा. आडव्या पट्ट्या माझ्या बाजूला होत्या. त्यांवर पाय देत मी झपाझप वर चढलो आणि पलीकडे उडी मारली. खाली पोहोचल्यावर मागे वळून बघितलं. समोर आठ फूट उंच गुळगुळीत भिंत. पाय ठेवायला कुठेही जागा नाही. काका चौरंगाशेजारी खुर्चीत बसून सुकेळी खात होते.

"काम उत्तम आहे तुमचं," ते म्हणाले. "मी सकाळपासून बघतोय. कुठूनही निघता येत नाही."

"सकाळपासून? मग हाक आत्ता मारली?"

"तुम्ही जेवायला येता ते माहीत आहे ना."

मी रियाला हाका मारल्या. ती आता कॉलेजात होती, सुट्टीत घरी होती. कुंपणावरून तिचं डोकं वर आलं. "बाबा, आर यू सीरियस?"

"शिडी टाक आत!"

"माझा गुडघा शिडी चढणार नाही," काका म्हणाले. "तुम्ही जा वानखडे. मी बसतो. खायला आहे."

त्यांचा चेहरा लाल झाला होता. टोपीखालून घाम गळत होता. मी म्हणालो, "दाराची काच फोडू."

"ती काच मार्थानं निवडली होती."

"मग कडेचं फाटक तोडतो."

"त्याला निळा रंग मार्थानं दिलाय. शेवटच्या वर्षी."

"आय कॉल्ड अ लॉकस्मिथ," रिया वरून म्हणाली. "बट दे सेड टू अवर्स."

तेवढा वेळ त्यांना उन्हात ठेवायचं कसं? मी काकांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. अतिशय सभ्यपणे ते माझ्या कुंपणाकडे बघत होते. आयुष्यभर लोकांशी भाव केले, पण असा भाव करणारा मी पाहिलेला नाही. स्वतः काही मागायचं नाही, समोरच्यापुढची एकेक वाट नम्रपणे बंद करत जायचं आणि शेवटी जी उरते तिच्याकडे नुसतं बघायचं.

"रिया," मी म्हणालो, "गॅरेजमधली मोठी करवत दे."

माझं सर्वोत्तम काम मी माझ्या हातानं कापलं. कापताना मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. काका खुर्चीतून सूचना करत होते. "जरा रुंद ठेवा. ताट आडवं जायला हवं." रियानं त्याचा व्हिडिओ काढला आणि तो मंडळाच्या ग्रुपवर गेला. खाली देशपांडेकाकूंनी लिहिलं, "आता किल्ला दिसतोय." भोकातून काका आधी इकडे आले, आमच्या घरात बसले, ताक प्याले. कुलूपवाला त्यांच्या भुई दरवाजाशी आला तोवर त्यांचा डोळा लागला होता. ती काठी आपोआप पडली की कसं, हा संशय मला आजही आहे. मंजिरीला विचारलं की ती म्हणते, "पडली असेल हो," आणि दुसरीकडे बघते.

आता भोक पडलं म्हटल्यावर दरवाजा लावणं आलंच. बिजागऱ्या घेऊन गेलो आणि विचारलं, "कडी तुमच्या आतल्या बाजूला ना?" मला त्यांचं दिवाळीतलं बोलणं आठवत होतं.

"नाही," ते म्हणाले. "तुमच्या बाजूला."

"म्हणजे बाहेरून? मग जेल झाली की तुमची."

"आतून लावली आणि मी न्हाणीघरात पडलो, तर तुम्ही येणार कसे?"

मी उगाच स्क्रू चाचपत बसलो.

"पण काका, कडी माझ्या हातात म्हणजे..."

"म्हणून तर इतकी वर्षं बघत होतो," ते म्हणाले, "माणूस कसा आहे ते. चिडका आहात. पण चांगली बाजू शेजाऱ्याला देता."

त्यांनी मला एक सुकेळी दिली. दरवाजाचे पैसे विचारलेसुद्धा नाहीत. आणि मी मागितले नाहीत, हा माझ्या धंद्यातला एकमेव डाग.

पुढची काही वर्षं तो दरवाजा दिवसभर उघडाच असायचा. कुत्री, वाट्या, मंजिरी, काका. संध्याकाळच्या फेरीत आता आमचा पूलही आला. कोणी पूलमध्ये पडलं नाही. गिऱ्हाईकं मात्र हमखास विचारायची, "आणि हा दरवाजा कशाला?" त्यांना सांगायला लागलं की अर्धा तास जायचा आणि बहुतेक वेळा कुंपण विकलं जायचं. हे मी काकांना कधीही सांगितलं नाही.

मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ट्रॉयहून मुलगी आली ती त्यांना घेऊनच गेली. निघायच्या दिवशी ती पुढच्या दाराशी गाडी सुरू करून बसली होती आणि काका सापडत नव्हते. ते काठी टेकत सागरी दरवाजातून आमच्याकडे आले होते. त्यांनी मागे वळून दरवाजा ओढला, माझ्या बाजूची कडी लावली, आणि गिऱ्हाईक माल तपासतं तसा तो गदागदा हलवून पाहिला.

"सैल आहे जरा," ते म्हणाले.

निघताना माणूस काहीतरी बरं बोलतो. हे म्हणाले, सैल आहे.

त्यांच्या घरात आता नागपूरचं एक तरुण जोडपं आलंय. दोघंही चांगले आहेत. आल्या आल्या नवरा म्हणाला, "दादा, हे दार काढून सलग फळ्या मारून द्या ना यार, प्रायव्हसीचा इश्यू होतो. किती घ्याल?" मी असा आकडा सांगितला की तो दोन पावलं मागे सरकला. त्यानं घासाघीस केली. मी आणखी वाढवला. त्याला वाटलं माझं डोकं फिरलंय. असू दे. परवा त्याची बायको त्याच दरवाजातून विरजण मागायला आली होती.

गेल्या आठवड्यात काकांचा व्हिडिओ कॉल आला. मिशिगनमध्ये त्यांच्या मुलीच्या वस्तीत कुंपणंच नाहीत. एका घराची हिरवळ दुसऱ्याच्या हिरवळीत मिसळलेली, सगळं मैदान.

"वानखडे, बघा हे! अख्ख्या शहराला तट नाही. धंद्याला मोठी जागा आहे. या."

"घ्याल का माझ्याकडून कुंपण? बोला, आत्ता ट्रक भरतो."

"लावा की," ते म्हणाले. "दरवाजा कुठे येणार?"

मी चिडून काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी फोन नातीच्या हातात दिला. संध्याकाळ झाली होती, त्यांची फेरीची वेळ. फोन खालीवर हलत होता. त्यात काका दिसत होते, टोपी, अर्धी चड्डी, काठी, आणि दुसरा हात कमरेच्या उंचीवर बाजूला काढलेला. त्या मोकळ्या हिरवळीच्या कडेनं ते, नसलेल्या तटावरून हात फिरवत, सावकाश चालले होते. कोपऱ्यावर वळले. मग एका जागी थांबले, हातानं काहीतरी सरकवलं, वाकले आणि शेजाऱ्याच्या हिरवळीत शिरले.

कडी कुठल्या बाजूला होती, ते फोनवर नीट दिसलं नाही.